सातवा रकाना

काकांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: ज्यांचा काटा बरोबर असतो ती, आणि आपला काटा बरोबर आहे असं शपथेवर सांगणारी. वजनंमापं तपासायच्या सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा पसारा केवढा आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुकानात शिरले की ते आधी दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघत आणि मग काट्याकडे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या पोटातून खरवडलेलं शिसं, एका अंगाला किंचित वाकवलेली दांडी, सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. दुकानदार चहा विचारायचा, काका नको म्हणायचे, हातमोजा चढवून पेटीतलं एकेक पितळी वजन पारड्यात ठेवायचे. किलोमागे ठरलेले ग्रॅम इकडेतिकडे चालतात. तेवढ्यात बसलं तर शिक्का, नाही बसलं तर काटा बंद. मधलं काही नाही.

घरीही हाच खाक्या. वहिनी म्हणाल्या, "आज मीठ जरा कमी पडलंय," तर हे विचारणार, "किती?"

"चिमूटभर, भाऊजी. मारा आता शिक्का आणि जेवा."

घरात तिघं होती. काका, त्यांची वहिनी आणि वहिनींची मुलगी. मोठा भाऊ तेहतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. काकांनी लग्न केलं नाही. राहून गेलं, असं ते सांगत. लोकांना जे बोलायचं होतं ते लोक बोलून घेऊन कधीच दमले. पोरगी लहानपणी स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून घरभर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. सव्विसाव्या वर्षीही ती तेच करत होती: लोखंडी दारं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती वेल्डर होती. तिनं मारलेला जोड घासून गुळगुळीत केला की कुठे होता ते मालकालाही सापडत नसे. काकांनी पहिलं वर्षभर तोंड वाकडं केलं. मग एकदा तिनं बनवलेल्या दाराचे चारही कोन स्वतःच्या काटकोनी गुण्यानं मोजून पाहिले आणि तोंड सरळ केलं.

वर्कशॉपमध्ये वर्षातून एकदा सगळ्यांची तब्येत तपासायला डॉक्टर येत. त्या वर्षी त्यांनी मुंगीच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथून हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे, आणि तीन आठवड्यांच्या तपासण्यांनंतर काका आणि मुंगी त्यांच्या टेबलासमोर बसले होते. वहिनींना डॉक्टरांच्या खोलीत घाम फुटतो, म्हणून त्या घरीच राहिल्या होत्या.

टेबलावर प्लास्टिकचं हृदय होतं, डब्यासारखं मधोमध उघडणारं. डॉक्टरबाईंनी ते उघडून आतली भिंत दाखवली.

"हा पडदा. साधारण दहा-अकरा मिलिमीटर असतो. तुझा बावीस आहे."

"बावीस?" मुंगी म्हणाली. "आमच्याकडे अख्ख्या दाराला सहाची पट्टी पुरते. कारागिरानं हात सैल सोडलेला दिसतोय."

डॉक्टरबाई हसल्या. चांगल्या होत्या बाई. हसून झाल्यावर लगेच गंभीर व्हायची घाई त्यांना नव्हती. हा आजार घराण्यातून येतो, म्हणून काकांची आणि वहिनींचीही तपासणी झाली होती. दोघांची हृदयं बिनचूक निघाली. आपलं हृदय बिनचूक आहे हे ऐकून काकांना रांगेत मधेच घुसल्यासारखी शरम वाटली होती.

"म्हणजे बहुधा वडिलांकडून आलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं हृदय घेऊन पुष्कळ लोक म्हातारे होतात. थोड्यांचं मात्र एक दिवस एकाएकी बिनसतं. ठोके सैरावैरा होतात आणि ते थांबतं. त्या थोड्यांत कोण येईल याचा अंदाज बांधायचा असतो. त्यासाठी सात गोष्टी लागतात."

त्यांनी संगणकाचा पडदा या दोघांकडे वळवला. सात रकाने होते. वय, सव्वीस. भिंतीची जाडी, बावीस. वरच्या डाव्या कप्प्याचा आकार, बेचाळीस. रक्त बाहेर पडताना होणारा अडथळा, चौसष्ट. दिवसभर छातीला तारा लावून घेतलेल्या नोंदीत वेड्यावाकड्या ठोक्यांची माळ, नाही. कारण नसताना कधी शुद्ध हरपली, नाही. काकांना बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मोजत होतं.

"आता शेवटचं. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय? हृदयामुळे, किंवा कारण कळलं नाही असं?"

"नाही," मुंगी म्हणाली. "म्हणजे बाबा गेले, पण ते अपघातात. मोटरसायकलवरून."

"भिंतीवर गेली गाडी," काका म्हणाले. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "सरळ रस्ता होता."

डॉक्टरबाईंचा हात थांबला. हे दुसरं वाक्य बावीस वर्षांत त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. काकांनाही ते आपल्याच तोंडून ऐकू आलं.

"समोरून काही आलं होतं?"

"नाही."

"ब्रेक मारला होता?"

काका प्लास्टिकच्या हृदयाकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी सातव्या रकान्यात 'नाही' भरलं. पडद्यावर आकडा आला, तीन पूर्णांक नऊ. मग 'नाही'चं 'हो' केलं. सहा पूर्णांक एक.

"पाच वर्षांत ते असं थांबण्याची शक्यता इतके टक्के," त्या म्हणाल्या. "चारच्या खाली असेल तर आम्ही सहसा काही बसवत नाही. सहाच्या वर गेलं तर छातीत झटका देणारं यंत्र बसवावं असं सांगतो. ठोके बिघडले की ते आतल्या आत झटका देऊन सरळ करतं. मधे आलं असतं तर बसून बोललो असतो. पण तुमचं या एका उत्तरावर इकडून तिकडे उडी मारतंय."

"माहीत नाही असं लिहा की," काका म्हणाले.

"रकान्यात दोनच पर्याय आहेत."

सत्तावीस वर्षं ज्या माणसानं मधलं काही नसतं असं जगाला बजावलं, त्याला दोन पर्यायांचा एवढा राग यावा ही मोठी गंमत होती. हसायला मात्र त्या खोलीत कुणी मोकळं नव्हतं.

"यंत्र बसवलं तर वेल्डिंग?" मुंगीनं विचारलं.

"मी परवानगी देणार नाही. मशीनच्या केबलमधून मोठा करंट जातो, यंत्राची फसगत होऊ शकते. नको तेव्हा झटका बसेल, किंवा हवा तेव्हा बसणार नाही. शिवाय तारांना जंतुसंसर्ग होऊ शकतो, दर आठ-दहा वर्षांनी यंत्र बदलावं लागतं, आणि तुला अजून खूप वर्षं काढायची आहेत. फुकटचा विमा नाही हा."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर शंभरातल्या शहाण्णव जणींसारखी पाच वर्षांनी माझ्यासमोर बसून मला हसवशील. बहुधा."

"त्या शहाण्णवांत मी आहे का?"

"ते हा आकडा सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो शंभर जणींबद्दल बोलतो. तुझ्याबद्दल त्याला काही माहीत नाही." त्यांनी पंधरा दिवसांनी बोलावलं. "तोवर वडिलांचं काही कळतंय का बघा. आणि तू जड उचलू नकोस."

दवाखान्याच्या जिन्यात मुंगी म्हणाली, "नाही लिहायला सांगायचं, काका. अपघात तो अपघात."

"असं आपल्याला हवं ते लिहायचं नसतं."

"मग तुम्हाला काय हवंय?"

काका दोन पायऱ्या पुढे उतरून गेले.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनाच धड माहीत नव्हतं. काय नको होतं ते मात्र पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, ते शवागाराच्या दारात उभे होते. आतून एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "डोक्याला मार आहे, पण एवढ्यानं जावं असा वाटत नाही. तरणा माणूस सरळ रस्त्यावर ब्रेक न मारता भिंतीवर जातो कसा? छाती उघडून बघू का? वरवरची तपासणी कायद्याला पुरते. आतली करायची तर घरच्यांची सही लागते." काकांनी नको म्हटलं. आईला सोसणार नाही, असं कारण दिलं. आई खरंच बाहेर बाकावर बसून होती, तेव्हा कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मेहुणीकडे जेवायला गेलेला भाऊ दोन घोट घेऊन निघाला असेल, असं काकांच्या मनानं घेतलं होतं. पोटात दारू सापडली असती तर ती कागदावर आली असती, आणि कागदावर आलेलं पुसत नाही हे त्यांच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून त्यांनी नकारावर सही केली. न तपासता शिक्का मारायचा तो आयुष्यातला एकच प्रसंग.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ते त्या जुन्या रुग्णालयाच्या नोंदींच्या खोलीत गेले. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, गठ्ठ्यांना सुतळ्या, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर सरकवलेली एक कारकूनबाई.

"बावीस वर्षांपूर्वीचं? वीस वर्षांवरचं आम्ही फाडतो."

"मग फाडलं असेल."

"फाडायला माणूस कुठाय?" बाई म्हणाल्या, आणि अर्ध्या तासात धूळ झटकत फाईल घेऊन आल्या. आळसाचे असेही काही उपकार असतात.

कागद एकच होता. वरवरच्या जखमांची यादी. खाली डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. तोंडाला दारूचा वास नाही. छाती उघडण्याची शिफारस. नातेवाइकांचा नकार. आणि त्याखाली काकांची सही, ठसठशीत, अजिबात न थरथरलेली.

दारूचा वास नाही. काकांनी ती ओळ परत वाचली. मग बाईंना विचारलं, "हे डॉक्टर आता कुठे असतात?"

"ते? ते वारले की. सात वर्षं झाली. चांगला माणूस. खूप लिहायचे, फार."

आता उरल्या वहिनी. त्या दिवशी मोटरसायकलवर भावाच्या मागे त्याच बसल्या होत्या. हात मोडून वाचल्या. त्या दिवसाबद्दल काकांनी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ही घरातली रीतच झाली होती. दोघांनाही ती शहाणपणाची वाटत असे.

वहिनी खिडकीपाशी शिवणयंत्राजवळ बसून कुणाच्या तरी कोटाची उसवण करत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. मुंगी कामावर गेली होती. काका ऑफिसला न जाता दारात उभे राहिलेले बघून वहिनींनी ब्लेड खाली ठेवलं.

"बसा. एवढं काय तोंड करून आलात?"

काकांनी सात रकान्यांचं सगळं सांगितलं. सही सोडून. वहिनींनी मधे एकदाही टोकलं नाही. मग कोटाच्या बाहीतले तुटके दोरे एकेक वेचत त्या बोलायला लागल्या.

"आम्ही भांडत होतो. म्हणजे मी भांडत होते. ताईकडे जेवून निघालो होतो. हे म्हणाले, ताईच्या हाताला काय चव आहे. दोनदा वाढून घेतलं होतं. मी मागे बसून चालू केलं, मग तिच्याशीच लग्न करायचं होतं, माझं सगळं बेचवच. असलं काहीतरी. हे काही बोलेनात. मला वाटलं, रुसलेत. रुसले की असेच गप्प बसायचे, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, बोला की. तरी गप्प. म्हणून पाठीत एक बुक्का मारला."

"जोरात?"

"भाऊजी, बायको मारते तेवढ्या जोरात!" त्या ओरडल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि गाडी कडेला गेली."

खिडकीतून शेजारच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत असल्याचा आवाज येत होता.

"बुक्का आधी की गाडी आधी?" काकांनी विचारलं.

"तेच तर बावीस वर्षं मोजतेय. कधी वाटतं, बुक्क्यानंच गाडी वळली. कधी वाटतं, बुक्का मारला तेव्हा पाठ आधीच मऊ लागली होती. माणूस असा... बसलेला नव्हता. नुसता होता. पण हे मला तेव्हा वाटलं, की तुम्ही आत्ता सांगितल्यावर वाटायला लागलं, ते मी कसं सांगू?"

"वहिनी, नीट आठवा."

"आठवून आठवून झिजलंय ते." त्यांनी कोट बाजूला ठेवला. "हो म्हटलं तर मी सुटते, भाऊजी. कळतंय का? त्यांचं हृदय आधी थांबलं असेल तर मी कुणाला मारलं नाही. म्हणून तर माझं हो धरू नका. आणि नाही म्हटलं तर पोरीचं काय होईल? मी कसंही बोलले तरी ते माझ्यासाठीच बोलल्यासारखं होणार."

मग त्यांनी काकांकडे सरळ बघितलं. "तुम्हाला कोणतं हवंय ते सांगा. मी तेच सांगेन. शपथेवर."

आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे पकडणाऱ्या माणसाला समोरून कुणी असं पारडं पुढे केलं नव्हतं. काकांनी हिशेब मांडून पाहिला, कारण दुसरं त्यांना काही येत नव्हतं. हो म्हटलं, तर वहिनी सुटत होत्या आणि काका सापडत होते: त्या दिवशी छाती उघडली असती तर आजार तेव्हाच कळला असता, पोरगी पहिल्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहिली असती, आणि वेल्डिंगच्या वाटेला गेली नसती. नाही म्हटलं, तर काका सुटत होते. मुंगीला नाहीच हवं होतं, तिचं काम वाचत होतं. या घरात एकही माणूस असा नव्हता की ज्याच्या तोंडून आलेलं उत्तर काकांनी एखाद्या दुकानदाराकडून मान्य केलं असतं.

"मी सही केली होती," ते म्हणाले. "छाती उघडू नका म्हणून. मला वाटलं, तो पिऊन होता."

वहिनींनी बोटाला चिकटलेला दोरा काढून टाकला.

"ते पीत नव्हते," त्या म्हणाल्या. "ताईकडे ताक प्याले होते. दोन पेले."

एवढंच बोलून त्यांनी कोट परत मांडीवर घेतला. त्या रडल्या असत्या किंवा चिडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

मुंगीला त्यांनी संध्याकाळी सांगितलं, ती हातपाय धुऊन आली तेव्हा, वहिनींच्या समोर. सही, बुक्का, सगळं. तिनं टॉवेल खांद्यावर टाकून उभ्याउभ्या ऐकलं. कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग होते.

"काका, दुकानदारानं असं केलं असतं तर?"

"काटा बंद केला असता."

"आणि दंड?"

"जास्तीत जास्त जेवढा लावता येतो तेवढा."

"हं," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आणि तू बुक्का मारून मला कधी पाडलंस का गं? लहानपणी किती खाल्लेत मी. दारात उभी असायचे तशीच राहायचे." वहिनी हसायला गेल्या आणि ते जमलं नाही. मुंगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काकांच्या शेजारी बसली नाही. पुढचे चार दिवस ती त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली, पाणी आलं का, किल्ली कुठाय. पाचव्या दिवशी तिनं त्यांच्या ताटात स्वतःहून वाढलं. त्याला माफी म्हणतात की सवय, हे काकांना ठरवता आलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पंधरा दिवसांनी तिघंही डॉक्टरबाईंसमोर होते. वहिनी घामाघूम होऊन का होईना, आल्या होत्या. काकांनी कागदाची प्रत टेबलावर ठेवली. वहिनींनी आपलं सांगितलं, बुक्क्यासकट. डॉक्टरबाईंनी तिघांचं ऐकून घेतलं.

"मला विचाराल तर," त्या म्हणाल्या, "ब्रेकची खूण नाही, वास नाही, आजार बहुधा त्यांच्याकडून आलेला. माझा कल 'हो'कडे आहे. पण कल म्हणजे माहिती नव्हे. आजार असणं वेगळं आणि त्या आजारानं जाणं वेगळं. डुलकी लागली असेल. पोट भरलेलं, दुपारची वेळ. माणसं झोपतातही."

"बुक्का खाऊन झोपतात का?" मुंगीनं विचारलं.

"माझे मिस्टर झोपतात," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि चौघंही क्षणभर हसले. त्या हसण्याचं काय करायचं हे नंतर कुणालाच कळेना.

"तुम्ही ठरवा," काका म्हणाले. ते जवळजवळ विनवतच होते. "तुमचं रोजचं काम आहे. तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू."

"माझ्या मुलीचं असतं तर मी काय केलं असतं, हेच विचारताय ना? सगळे विचारतात. मला खरंच माहीत नाही. एकदा लावा म्हटलं असतं, दुसऱ्या दिवशी नको." त्यांनी दोन्ही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले आणि कागद मुंगीपुढे सरकवला. "तू सज्ञान आहेस. सही तुझी."

काकांना तो कागद ओढून घ्यावासा वाटला. स्वतःचं हृदय काढून टेबलावर ठेवावंसं वाटलं, त्या प्लास्टिकच्या शेजारी. दहा मिलिमीटर, बिनचूक, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं. त्यांनी नुसत्या चष्म्याच्या काचा पुसल्या.

मुंगीनं वेळ घेतला. कागद दोनदा वाचला, हाताचा तळवा पँटला पुसला. "आत्ता नको," ती म्हणाली. "गोळ्या घेईन. जड उचलणार नाही. दर सहा महिन्यांनी येईन. एकदा जरी चक्कर आली, किंवा त्या नोंदीत काही सापडलं, तर बसवा. तेव्हा मी वाद घालणार नाही. पण माहीत नसलेल्या गोष्टीसाठी माहीत असलेलं काम सोडायला मला जमणार नाही."

"पहिली चक्करच शेवटची ठरली तर?" काका म्हणाले. आवाज चढला होता.

"तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, ते तर झालंच," मुंगी म्हणाली, आणि सही केली.

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

काकांच्या खात्यावर साठवलेली रजा भरपूर होती. त्यांनी पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत नाव घातलं. तिथे फरशीवर एक रबरी धड पडलेलं असे, आणि एक दांडगा परिचारक हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते शिकवायचा. "हळू नाही, काका. जोरात. बरगडी मोडली तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस. मोजा मोठ्यानं." काकांनी मोजलं. परिचारक म्हणाला, "आजवरच्या सगळ्या लोकांत तुमची लय सगळ्यात एकसारखी आहे." असं कौतुक त्यांना नोकरीत कुणी केलं नव्हतं. त्यांनी विचारलं, यानं किती जण वाचतात? परिचारकानं आकडा सांगितला. काकांनी तो वहिनींना घरी सांगितला नाही.

मग ते रोज सकाळी दहाला वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी मालकानं विचारलं, "साहेब, आमच्याकडे तर काटाच नाही. काय तपासताय?"

"बसतो," काका म्हणाले. "इथून दवाखाना किती लांब?"

"रस्ता मोकळा असला तर अकरा मिनिटं."

"आणि नसला तर?"

मालकानं खांदे उडवले आणि त्यांना लोखंडी स्टूल आणून दिलं. मुंगीनं लांबूनच बघितलं, डोक्यावरचं काळ्या काचेचं झापड खाली ओढलं आणि कामाला लागली. पहिले काही दिवस ती चिडली. "कोंबडीसारखे काय बसता? लोक हसतात." काका म्हणाले, हसू देत. मग तिनंही सोडून दिलं. दुपारी डबा आणून त्यांच्या शेजारी रंगाच्या उपड्या डब्यावर बसून खायची आणि हातातल्या जोडाबद्दल सांगायची. इथे पातळ पत्रा आहे, जास्त वेळ थांबलं की भोक पडतं. काका मान हलवायचे. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. ती श्वास कसा घेतेय, एवढंच ते बघत असत.

वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं, हे तिनं त्यांना दोनदा बजावलं होतं. म्हणून ते तिच्याकडे पाठ करून बसत आणि समोरच्या भिंतीवर तो उजेड बघत. निळसर पांढरा, थरथरता. तो पेटलेला असे तेव्हा ठीक असे. मग तो विझे. कधी तिनं वितळून संपलेली कांडी बदलायला विझवलेला असे, कधी जोडावरची खपली ठोकून काढायला, कधी कुणाशी बोलायला. विझला की काका मोजायला लागत. एक, दोन, तीन. सहा-सातला बहुधा परत पेटे. नऊपर्यंत गेला की त्यांचे हात गुडघ्यांवरून उचलले जात. बाराला ते वळून बघत, आणि ती तिथे असे, झापड वर करून, कपाळ पुसत, किंवा कुणाला तरी शिव्या घालत.

मग ते परत भिंतीकडे तोंड करत. उजेड विझे. एक, दोन, तीन, चार.